ठकूमायच्या तळहातावरची साखर

सकाळी उठली का मी आधी मांगच्या दारी जाते, चूल पेटवाच्या आधी, लेकराले पाजाच्या आधी, न मोरीपाशी खाली वाकून पाहते का मुंग्या तं नाई लागल्या. रोज पाहते. काल नव्हत्या. परवा चार-दोन दिसल्या तं छातीत धडधड सुरू झाली, मंग कळलं का माह्या पोरीनं, सुमननं, भात सांडवला होता, थ्या शितामांगं लागल्या होत्या. सासूबाई म्हनतात हे येड तुले ठकूमायनं लावून देल्लं. असंन.

ठकूमाय म्हंजे आमच्या वडनेरची दाई. या गावात तीस वर्साच्या आतलं जे कोनी चालते-फिरते ते बहुतेक तिच्याच हातावर आलेलं. मांगच्या उन्हाळ्यात तिले वर्ध्याच्या दवाखान्यात नेलं न तिथून ती परत आली नाई. लोकं म्हनतात पायानं नेली. मी म्हनते साखरेनं नेली, आधी डोस्क्यातून न मंग पायातून, न त्या साखरेत आमच्या घरची बी साखर होती, माह्या बाळंतपनाची. ते मले माहीत हाय म्हनून मी सांगून राह्यली, नाई तं मोठ्या मानसायच्या गोष्टी सांगनारी मी कोन.

ती बुटकी होती, काळी, तुरतुर चालनारी, न हात मातर अंगापरीस मोठे, पाह्यलं तं वाटे दुसऱ्या कोनाचे लावले. नखं दगडावर घासून बोथट केलेली. घरात आली का आधी बाळंतिनीकडं पाहे नाई, घरभर फिरे न जे जे बंद असंन ते उघडाले लावे. संदुकीचं कुलूप काढ, सरकीच्या पोत्याची सुतळी सोड, शिक्याची गाठ सोड, सासूचा अंबाडा सोड. माह्या पहिल्या खेपेले सासऱ्याच्या धोतराची गाठ बी सोडा म्हने, तं सासरे बैलायकडं पळाले, मंग तिनं बैल दाव्यावरून सोडाले लावले. गावात बांधलेलं काई राह्यलं तं पोटातलं बी बांधलेलं राह्यते असं तिचं म्हननं. कळा सुरू झाल्या का शेजारच्या बाया दाराशी जमत, अजून नाई का, अजून नाई का करत, त्यायले ती म्हने, “घाई लेकराले नसते बाई, घाई शेजारनीले असते.” न बाळंतिनीच्या कानात म्हने का नवऱ्याले शिव्या दे, आज तुले माफ हाय. मी देल्ल्या नाईत. मनात देल्ल्या.

तिचं डोस्कं म्हंजे गावाचं दफ्तर होतं. तिले अक्षर येत नव्हतं, तारीख माहीत नव्हती, पन शाळेचे गुरुजी पोट्ट्यायची नावं घालाले लागले का तिच्याकडं येत. कोनतं बी पोट्टं समोर उभं केलं का ती त्याच्या डोस्क्यावरून हात फिरवे न सांगे, हे आलं तवा सरकीची बैलबंडी नाल्यात फसली होती न तिसऱ्या रोजी पोळा होता. हे पायाकडून आलं, याच्या मायले दोन रोज लागले, त्या सालच्या होळीचा राखुंडा अजून गरम होता. गुरुजी तिथंच बसून बोटं मोजत न कागदावर तारीख टाकत. वडनेरच्या अर्ध्या लोकायचे जन्म असे पोळ्यावरून न होळीवरून लागले हायेत.

न साखर. तिचं खानं तसं आपल्यासारखंच, ज्वारीची भाकर, वरन, अंबाडीची भाजी. पन चहात साखर अशी लागे का कपाच्या तळाशी थर बसला पाह्यजे, मंग बोट घालून तो थर चाटून खाये. गूळ देल्ला तं तोंड फिरवे. गूळ तं ढोरं बी खातात म्हने. रेशनच्या, कंट्रोलच्या दिवसात साखर दिसत नव्हती, ते उठलं न दुकानात पांढरी साखर आली, तवापासून बाळंतपनाले दाईले साखर द्याची हे गावात पक्कं झालं. पोरगं असो का पोरगी. तिच्या चंचीत एका कप्प्यात तंबाखू राहे न एका कप्प्यात साखर, रस्त्यानं चालता चालता कधी यातली चिमूट तोंडात टाके, कधी त्यातली.

आता ती साखर कशी देत ते सांगाले मले लाज वाटते, पन सांगते. माही सुमन झाली तवा मी पंधराची होती, काई समजत नव्हतं. ठकूमायनं तिले काढलं, नाळ कापली, पुसलं, माह्या छातीशी देल्लं, माह्या पोटावरून रात झाली तरी हात काढला नव्हता तिनं. अन दुसऱ्या रोजी सासूबाईनं वाटीत साखर आनली न ठकूमाय खाली अंगनात बसली, पदर पसरून, न सासूबाईनं वरून, हात लागू नये म्हनून चांगली हातभर वरून, ती साखर तिच्या पदरात टाकली. अर्धी बाहेर सांडली. ती एक एक कन वेचत बसली. मी बाजेवरून पाहत होती. माह्या मांडीवर जे लेकरू होतं ते तिच्या हातातून माह्या हातात आलं होतं, न सासूबाईच्या हातातून तिच्या हातात साखर जात नव्हती. मले ते खटकलं असं मी म्हनीन तं खोटं होईन. मले ते तवा खटकलं नाई. साऱ्यायच्या घरी तसंच होतं.

मंग त्या दसऱ्याले तिच्या वस्तीतले लोकं बंड्या जोडून, पायी, जसं जमन तसं नागपूरले गेले न बौद्ध होऊन आले. घरातले देव काढले, मेलेली ढोरं ओढनं सोडलं, दारोदारची भाकर आननं सोडलं. ठकूमायचा भाचा वामन, तो तिले सांभाळे, तो म्हने का आत्या, हे दाईपन बी सोड, हे बी त्यायनंच आपल्यावर टाकलेलं काम हाय. ती म्हने, ढोरं मेलेली होती ते सोडलं, बरं केलं, लेकरं तं जितीजागती येतात, थे काऊन सोडू. पन पदर आता पसरनार नाई.

ज्याच्या घरी तेलाची घानी हाय त्याच्या घरी त्या दिवसात नातू झाला. तिथली बुढी मोठी सोवळ्याची. बुढी वाटी घेऊन आली न ठकूमाय खाली बसलीच नाई. उभी राह्यली न उजवा हात पुढं केला, तळहात सपाट. बुढी हात वर धरून उभी न ही हात पुढं करून उभी. बाया जमल्या होत्या, मी बी होती.  मंग ठकूमाय सरळ म्हने, “वरूनच टाकाची असंन तं वरच राहू द्या.”  आतून लेकराचं रडनं येत होतं. शेवटी बुढीनं हात खाली आनला न साखर तिच्या तळहातावर ठेवली, बोटं लागली. ठकूमायनं ती साखर तिथंच तोंडात टाकली न बुढीले म्हने, “पाह्य माय, बोटं जागच्या जागी हायेत तुही.” बाया पदर तोंडाले लावून हासल्या, बुढी बी हासली का रडली ते मले समजलं नाई.

एका घरानं केलं तं मंग साऱ्यायनं केलं. कोनी मनातून केलं, कोनी लाजेकाजेनं केलं. आमच्या सासूबाईनं बी केलं, पहिल्यांदा डोळे मिटून केलं. अन तिथूनच तिचं बिघडलं. कारन ती कोनालेच नाई म्हने ना. बारसं असो, लग्न असो, कोनाचा पोरगा चौथी पास झालेला असो, हात पुढं, साखर तोंडात. रस्त्यानं चालली न कोनी हाक मारली, ये ठकूमाय चहा घे, का ओसरीवर बसून चहा, साऱ्यायच्या कपात, साऱ्यायसारखा. पाच घरी बोलावलं तं पाच घरी. एकीची घेतली न दुसरीची नाई घेतली तं तिले वाटन म्हने. मी एकदा म्हटलं, ठकूमाय एवढं गोड कसं जाते व तुले. तिनं माह्याकडं पाह्यलं न सांगतलं, “चाळीस वर्स वरून पडलेलं वेचलं व शांते. आता हातात येऊन राह्यलं तं नाई म्हनू?”



त्याच्या पुढच्या साली मले दुसरे दिवस गेले. ठकूमाय न सासूबाई दोघी मिळून मले खाऊ घालत, साखर घातलेला शिरा, लाडू, साखरेचा चहा, शक्ती पाह्यजे म्हनत. पोट केवढं दिसे. बाया म्हनत बाळसं पाहा. मले सारखी तहान लागे, मी दोघींले सांगतलं, दोघी म्हनल्या उन्हाळा हाय. ते लेकरू पोटातच गेलं. केवढं होतं ते, गोरंपान, गुटगुटीत, हातापायाले वळ्या, न हालत नव्हतं. ठकूमायनं त्याले उलटं केलं, चापट्या मारल्या, तोंडात तोंड घालून फुंकलं, किती येळ करत राह्यली, सासूबाई म्हनल्या सोड आता, तरी सोडेना. मंग त्याले फडक्यात गुंडाळून भिताडाकडं तोंड करून बसली. अशी मेलेली तिनं किती पाह्यली असतीन, पन त्या रोजी ती सारखी म्हनत होती, एवढं चांगलं लेकरू, एवढं चांगलं, याले काय झालं.

तवापासून माह्या मनात भेव बसलं ते बसलंच.

तिचं दुखनं कधी सुरू झालं ते नेमकं सांगता येत नाई. आधी तहान. घरात आली का लोटाभर पानी मांगे न एका दमात पिऊन टाके, न लगेच मांगं जाऊन येतो म्हने. मंग बाया गुपचूप बोलू लागल्या का ठकूमाय जिथं बसून येते तिथं मुंग्याची रांग लागते. कोनी म्हने ठकूमायचं सारंच गोड. ती बी हासे, म्हने एवढी साखर खाल्ली ती कुठी तरी निघन का नाई. साखर खाऊन अंगानं भरली होती ती वाळत चालली. मंग पायाच्या अंगठ्यात बाभळीचा काटा मोडला, काटा निघाला पन जखम भरेना, हळद लावली, एरंडाचं पान बांधलं, महिना झाला, दोन झाले. दुखत नाई म्हने, बधिर हाय, बरं हाय. मले ते बरं वाटलं नाई.

न मी पुन्हा पोटुशी झाली होती. मी घरच्यायच्या पाया पडली का मले एकदा वर्ध्याच्या डॉक्टरीनबाईले दाखवा. हे म्हनले चल. सोबतीले बाई पाह्यजे म्हनून ठकूमायले घेतलं, मी मुद्दाम घेतलं, तिचा अंगठा दाखवाचा होता मले.

तिथं दोघींची लघवी घेतली. डॉक्टरीनबाईनं काचेच्या नळीत निळं पानी घेतलं, त्यात थोडी थोडी लघवी टाकली न स्पिरिटच्या दिव्यावर धरली. आधी माही. मी हातात पदर पिळत उभी. निळ्याचं हिरवं झालं. मंग ठकूमायची धरली, तं निळ्याचं हिरवं, हिरव्याचं पिवळं, न पाहता पाहता विटकरीसारखं लाल झालं. ठकूमायले मजा वाटली, म्हने होळी खेळून राह्यली का बाई.

डॉक्टरीनबाई हासली नाई. तिनं बसवून सांगतलं, मले समजन असं सांगतलं. का खाल्लेली साखर हिच्या अंगाले लागतच नाई, रक्तात तशीच फिरत राह्यते, न जिथं जिथं नसा बारीक हायेत तिथं आधी नास करते, डोळ्यात, पायाच्या बोटात न डोस्क्यात. म्हनून जखम भरत नाई, म्हनून काटा दुखत नाई. साखर बंद करा, रोज एक सुई लागन, पंधरा रोज इथं राहा, नाई तं पाय जाईन न त्याच्या आधी आठवन जाईन. मले म्हने तुले आता थोडीच हाय, पोटात लेकरू असलं का काई बायायले होते, पन त्यानंच पोटातलं वाजवीपेक्षा मोठं होते. मांगचं कसं गेलं ते इचारलं न मी सांगतलं, तं तिनं माह्या हिरव्या नळीकडं बोट दाखवलं. मले त्यातूनच समजलं. म्हने तू बी साखर बंद कर, भाकर खा, भाजी खा, न बाळंतपनाले इथंच ये, घरी नको.

ठकूमाय उठली. पंधरा रोज कशी राहू, गावात तीन पोटुशा हायेत. न डोस्क्याचं तं तिले पटलंच नाई. म्हने माह्या डोस्क्यात सारं गाव हाय बाई, साखरेनं ते कसं जाईन, साखर तं पान्यानं जाते. येताना हिंगनघाटच्या टेसनावर यायनं चहा आनला. मी नाई घेतला. तिनं तिचा घेतला न माहा बी घेतला, न तळाशी बोट घालून चाटला.  तिथं बोलाले पाह्यजे होतं मी.

मंग एका रोजी ठकूमाय आमच्या ओसरीवर बसली होती न गुरुजी शेजारच्या पोट्ट्याले घेऊन तिथं आले. तिनं त्याच्या डोस्क्यावरून हात फिरवला. पुन्हा फिरवला. म्हने हे आलं तवा सरकीची बंडी नाल्यात फसली होती. गुरुजी म्हनले ठकूमाय, बंडी फसली ते तं दुसरं पोट्टं, ते आता चौथीत हाय. ती हासली, हो हो म्हने, मंग हे. न ते ‘मंग हे’ तिच्या तोंडात तसंच राह्यलं. गुरुजी येळ काढून बसले, मंग उठले. जाताना माह्याशी बोलले, म्हनले तिले काई झालं का. मी म्हटलं साखर. त्यायले वाटलं मी चहाले इचारून राह्यली.

त्याच्यावर पंधरा रोजानं माही जाऊ कमला बाळंत झाली, भर दुपारी, आमच्याच घरी. मले सातवा सरून आठवा लागलेला, तरी मी आत होती. ठकूमायचे हात जसेच्या तसे, कुठी थांबले नाईत, लेकरू कसं तेल लावल्यासारखं आलं. वार पडली, सासूबाईनं ती नेऊन पुरली. अन ठकूमायनं इचारलं वार पडली का. म्हटलं पडली. घडीभरानं पुन्हा इचारलं. मंग ते लेकरू तिच्या मांडीवर होतं, आताच्या आता तिनंच काढलेलं, त्याच्याकडं पाह्यलं न मले हळूच म्हने, “कोनाचं व हे लेकरू?”

कमलानं ऐकलं नाई. मी ऐकलं. माह्या पोटातलं त्या येळी लाथ मारत होतं.

घरात मी सांगतलं का मी वर्ध्यालेच जाईन. सासूबाई म्हनल्या ठकूमायले काय वाटन, गाव काय म्हनन, का बौद्ध झाली म्हनून हिचा हात नको झाला. मी म्हटलं तसं नाई. त्या म्हनल्या तुले नसंन, गावाले तसंच दिसन. न ते बी खरं होतं. हेच तं मले खाऊन राह्यलं होतं, का जे तिच्या न माह्या भल्याचं ते सारं जुन्या शिवाशिवीसारखंच दिसत होतं.

कमलाच्या लेकराचं बारसं बाराव्या रोजी. अंगन भरलं बायायनं. साखरेचं ताट माह्या हातात देल्लं होतं. मी एकीच्या हातावर देल्ली, दुसरीच्या देल्ली. ठकूमाय भिताडाशी बसली होती, पायाले फडकं, तळहात पुढं. माह्या मनात त्या काचेच्या नळीतलं लाल दिसत होतं. मी तिच्याजवळ आली न काई न बोलता पुढं गेली, तिच्या पलीकडच्या बाईच्या हातावर साखर ठेवली. मले वाटलं तिले समजन. ती होती ना माह्यासोबत तिथं, तिनं ऐकलं होतं ना. पन ती ते इसरली होती का तिले मंजूर नव्हतं, मले आजपावतो माहीत नाई.

तिचा हात तसाच होता, पुढं.  ती म्हने, “काऊन व शांते. पुन्हा सुरू झालं का?”

मी ताट छातीशी धरलं. सासूबाई उठल्या, माह्या हातातलं ताट ओढलं न मूठभर, दोन मुठी साखर तिच्या तळहातावर ओतली, तिच्या बोटायले बोटं लावून, साऱ्यायले दिसन अशी. ठकूमायनं ती सारी खाल्ली. माह्याकडं पाहत खाल्ली. शेवटी तळहात चाटला न फडक्याचा पाय ओढत घरी गेली.

मी वर्ध्याले गेली तवा ती मोटारीपाशी आली नाई. पोरगं झालं, रडलं, आडवंतिडवं काई नाई, रोजच्या लेकरासारखं लेकरू. मी पहिले त्याच्या हातापायाच्या वळ्या पाह्यल्या, बेताच्या होत्या, तवा मले श्वास आला. सव्वा महिन्यानं घरी आली. सारं गाव पाहाले आलं, ठकूमाय आली नाई. एक रोज वाट पाह्यली, चार रोज पाह्यली. मंग एका सकाळी सासूबाई वावरात गेल्या होत्या, मी लेकराले काखेत घेतलं, सुमनचं बोट धरलं न तिच्या वस्तीत गेली. आमच्या गल्लीतली कोनी बाई तिथं घरात गेलेली मी पाह्यली नव्हती. बाया दारातून पाहत होत्या. 

ती चुलीपाशी होती, भाकर थापत. अंगठा काळा पडला होता. तिनं मले पाह्यलं न ‘ये’ बी म्हटलं नाई, ‘जा’ बी म्हटलं नाई. मी लेकरू तिच्या मांडीवर ठेवलं. पीठ लागलेल्या हातानं तिनं त्याची टाळू चाचपली, पाठीचा कना बोटानं मोजला, मांड्या उघडून पाह्यल्या. डोळे अजून रुसलेले होते पन हाताले सारं माहीत होतं. म्हने मान जरा उजवीकडं धरते, निजवाले डावीकडं निजवजो. ते खरंच होतं. तिथं दवाखान्यात कोनी सांगतलं नव्हतं.

मंग मी म्हटलं ठकूमाय, मले भूक लागली, भाकर दे.

ती थांबली. म्हने आमच्या घरची? मी म्हटलं तू थापून राह्यली न मंग कोनाच्या घरची.  साखर, चहा, लुगडं, दाने, आतापावतो जे काई असंन ते आमच्या घरून तिच्या घरी जात होतं. तिच्या घरचं आमच्या तोंडात कधी काई गेलं नव्हतं, ते माह्या तिथं बसल्यावर ध्यानात आलं, आधी ठरवून नव्हती गेली मी. तिनं ताटलीत भाकर देल्ली, वर मिरचीचा ठेचा. मी खाल्ली. सुमनले बी कुस्करून देल्ली. ठेचा असा झनझनीत का माह्या डोळ्यातून पानी, न ते पानी पाहून तिले वाटलं मी रडून राह्यली, म्हने रडू नको, दुसरी देतो.

मी सांगतलं, त्या रोजी मी साखर अडवली ती तुह्या हातासाठी नाई व, तुह्या पायासाठी.

“मंग तसं सांगाले तोंड नव्हतं का तुले?”

“होतं. भेव वाटत होतं.”

“कोनाचं?”

“तुहं.”

तवा ती हासली. लय दिवसानं तिले तसं हासताना पाह्यलं. पन साखर सोडतो असं काई तिनं म्हटलं नाई. मी घरी आली तं सासूबाईले आधीच कळलं होतं. त्या माह्याशी दिवसभर बोलल्या नाईत. मले वाटलं आता घराबाहेर काढतात. दुसऱ्या रोजी तूर पाखडता पाखडता, माह्याकडं न पाहता इचारलं, तिचा ठेचा लसनाचा असते का नुसत्या मिरचीचा. मी म्हटलं लसनाचा. बस, एवढंच.

होळी झाली न तिच्या पायावर सूज चढली, पोटरीपावतो लाल, अंगात ताप. वामननं मोटारीनं न्याचं ठरवलं. तिच्या डोस्क्यातलं त्या दिवसात जात होतं न येत होतं. मोटार सडकेवर उभी होती न तिनं मले तीनदा इचारलं कुठी नेऊन राह्यले, कोन बाळंत व्हाची हाय. तीनदा सांगतलं का तुह्या पायाले नेतात. एकदा मले कमला म्हटलं, एकदा माह्या मायच्या नावानं हाक मारली, माही माय तं तिनं कधी पाह्यली बी नव्हती, नाव तेवढं माह्या तोंडून ऐकलं होतं. गावातल्या बाया आल्या होत्या, लय आल्या होत्या. वामननं न दुसऱ्या एकानं तिले उचलून खिडकीपाशी बसवलं.

तवा सासूबाई आल्या. घाईनं आल्या, अनवानी, उन्हात, उजव्या तळहातावर दही-साखर घेऊन. गावाले जानाऱ्याच्या हातावर देतात तशी, घरच्या मानसाले देतात तशी. वाटी नाई, चमचा नाई, आपल्याच तळहातावर. त्यायनं हात खिडकीतून आत घातला न म्हनल्या, “ठकू, घे. सुखरूप ये.”

मी जवळच होती. माह्या काखेत लेकरू. मी बोलली असती तं साऱ्यायसमोर तेच पुन्हा झालं असतं, न बोलली नसती तं ती खानार होती, सारा जनम ती हातात आलेलं खात आली होती. मी सासूबाईच्या त्या तळहाताकडं पाहत राह्यली, साखर दह्यात विरघळत होती. ठकूमायनं बी पाह्यलं. आधी हाताकडं, मंग सासूबाईच्या तोंडाकडं, मंग माह्याकडं. त्या येळी तिले सारं ओळखू येत होतं, मी शपथ घेऊन सांगते, मी कोन न ते काय, सारं. तिनं आपले दोन्ही हात वर केले, ते मोठे हात, न सासूबाईची बोटं एक एक करून त्या दह्यावर मिटवली, मूठ करून टाकली, न ती मूठ आपल्या हातात धरून ठेवली.

“राहू दे माय. आल्यावर खाईन.”

मोटार सुरू झाली तरी तिनं मूठ सोडली नव्हती, सासूबाई मोटारीसंगं चार पावलं चालल्या, मंग सुटली. धुरळा उडाला. बाया घरोघर गेल्या. सासूबाई सडकेच्या कडेले उभ्याच, हात तसाच पुढं, मूठ मिटलेली, न दही बोटायच्या फटीतून निघून मनगटावरून कोपरापावतो येऊन राह्यलं होतं, पन त्या ते पुसत बी नव्हत्या न चाटत बी नव्हत्या.